गाई-म्हशींचं गाणं आणि गुराख्याचं मागणं



आजच्या व्याख्यानाचा विषय एक गाणं आहे. ‘दिन दिन दिवाळी’. कोल्हापूरजवळच्या या गडमुडशिंगीत इथं बसलेल्या प्रत्येकाला ते पाठ आहे, म्हणून मी ते म्हणून दाखवणार नाही. आश्विन सरत आला, पहाटेचा गारठा अंगाला झोंबू लागला, की हे गाणं कुणी न शिकवता तोंडात येतं. थंडीच्या सणाचं याहून जास्त माणसांना ठाऊक असलेलं गाणं मराठी मुलखात नसावं. त्यावर कुणा एका कवीचं नाव नाही, कुठल्या संताची नाममुद्रा नाही, आणि ते चालतं ठेवायला कधी कुठल्या मंदिराची किंवा मठाची गरज पडलेली नाही.

आपण त्याला बालगीत म्हणतो. बालवाडीच्या पुस्तकात, आकाशकंदिलाच्या चित्राशेजारी ते छापलेलं असतं. माझं म्हणणं असं आहे की हे गाणं मुळात बालगीत नव्हे. पोरांनी म्हटलेलं आहे, हे खरं. पण ती पोरं खेळणारी नव्हती, कामाला असलेली होती. ते गुराखी होते. आणि हे गाणं म्हणजे त्यांनी वर्षाच्या कामाचा गावापुढं मांडलेला हिशेब आहे. एवढं एकच मला आज सांगायचं आहे, पण ते सांगायला जरा लांबून यावं लागेल.

गाण्याची वाट एकदा पायाखालून घालू. सुरुवातीला दिव्यांचा दिवस आल्याची हाक आहे आणि लगेच जनावरं ओवाळायला सांगितलंय. देवाचं नाव नाही, लक्ष्मीचं नाव नाही. दिवा लागला की पहिला मान गाईचा आणि म्हशीचा. मग प्रश्न येतो की ही जनावरं कुणाची, आणि उत्तर मिळतं, लक्ष्मणाची. त्यावर पुढचा प्रश्न, की हा लक्ष्मण कुणाचा. तर तो आपल्या आईबापाचा. इथवर सवाल-जवाब चालतात. मग गाणं एकदम वळतं आणि दारातल्या आईकडं हात पसरून खोबऱ्याची वाटी मागतं. आणि शेवटी म्हणतं की वाघाच्या पाठीत काठी घालीन. संपलं. आठ-दहा ओळींचा सगळा कारभार.

आता हे शांतपणे पाहा. जनावरं कुणाची असं कोण विचारतं? ज्याची ती आहेत तो विचारत नाही. ज्याच्या हातात काठी आहे, जो पहाटे दावं सोडतो आणि दिवेलागणीला कळप परत आणतो, पण ज्याच्या नावावर त्यातलं एक वासरूही नाही, तो विचारतो. आणि उत्तरही तोच देतो, कारण दारोदार हिंडणाऱ्या पोरांच्या टोळक्यात एकानं विचारायचं आणि बाकीच्यांनी एका सुरात सांगायचं, हीच जुनी रीत. मालकी मान्य केली, मालकाला आईबापाचा लेक म्हणून मान दिला, त्याचं घर भरलेलं आहे हे सांगितलं, आणि मग आपलं मागणं पुढं ठेवलं. मागताना आपण काय दिलं तेही सांगून टाकलं: वाघ आला तर अंगावर जाणारा मी आहे. याहून नेटकी मागणी कुठल्या अर्जात सापडेल?

त्र्यंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ हे पुस्तक १९१५ सालचं. बलुतेदार, अलुतेदार, त्यांचे हक्क, सुगीला खळ्यावरचा वाटा आणि सणावारी मिळणारं देणं, या सगळ्याचं जाळं त्या पुस्तकात बारकाईनं उलगडलं आहे. सुताराचा वाटा ठरलेला, लोहाराचा ठरलेला, कुंभाराचा, न्हाव्याचा, परटाचा ठरलेला. बलुतेदारांच्या नेहमीच्या यादीत गुराखी मात्र येत नाही. त्याला वतन नाही. तो बहुतेक वेळा पोरसवदा, कुणाचा तरी थोरला लेक, घरात खाणारी तोंडं जास्त म्हणून गुरांमागं लावलेला. त्याला भाकरी मिळायची, थोडं धान्य मिळायचं, जुनं आंगडं मिळायचं. पण वतनदाराचा जसा बोलून-चालून हक्क असतो तसा त्याचा नव्हता. म्हणून त्याला वर्षातून एकदा, सगळ्यांच्या दारात दिवा असताना, गाऊन मागावं लागत होतं. अशा माणसाचं गाणं हाच त्याचा कागद.

मराठवाड्यात आणि आजूबाजूच्या भागात गुराखी पोरं वसुबारसेपासून लव्हाळ्याची दिवटी विणायची, तिच्यात पणती ठेवायची आणि घरोघर जाऊन गोठ्यातली जनावरं ओवाळायची. जनावर ओवाळलं की घरातली बाई तेल घालायची, हातावर खोबरं किंवा फराळ ठेवायची. गाण्यातली प्रत्येक गोष्ट या फेरीत हजर आहे: दिवा, जनावर, मालकाचं घर, खोबरं देणारी आई आणि काठीवाला पोरगा. फेरी बंद पडली तिथंही गाणं राहिलं, पण त्याच्या खालची जमीन सरकली आणि ते अधांतरी, नुसतं गोड वाटू लागलं.

अशी गाणी फक्त आपल्याकडं आहेत का? नाहीत, आणि ही मला फार महत्त्वाची गोष्ट वाटते. छत्तीसगडात राऊत समाज आहे, गुरं राखणारा. दिवाळी-गोवर्धनपूजेनंतर राऊत मंडळी कवड्यांचे अंगरखे घालून, हातात काठ्या घेऊन मालकांच्या दारी नाचत जातात, दोहे म्हणतात आणि गाईच्या गळ्यात सोहई नावाची माळ बांधतात. मालक धान्य देतो, कपडा देतो. आपल्या पूर्व विदर्भात पाडव्याला गायगोधन होतं. गोवारी समाज ढाली नाचवतो, गाणी म्हणतो, गाई पूजतो. बंजारा तांड्यांवर दिवाळीच्या अवसेला कुमारी मुली दिवा घेऊन घरोघर जातात, थोरामोठ्यांना ओवाळतात आणि ‘मेरा’ मागतात. कर्नाटकाच्या मलनाडात अंटिके-पंटिके म्हणणारे गडी पेटता दिवा विझू न देता रात्रभर गावोगाव चालतात. नेपाळात तिहारमध्ये देउसी-भैलो खेळणारी पोरं-पोरी दारात येऊन सांगतात की आम्ही आपल्या मनानं आलेलो नाही, बळीराजानं पाठवलं म्हणून आलो.

बळीचं नाव आलं, तर त्याच्यापाशी जरा थांबतो. अल्-बिरुनी इसवी सन १०३० च्या सुमारास हिंदुस्थानाविषयी लिहीत होता. त्यानं नोंदवलं आहे की दिवाळीच्या दिवशी लक्ष्मी पाताळात अडकलेल्या बळीला मोकळं करते आणि त्याला जगात येऊ देते, म्हणून या सणाला बळीचं राज्य म्हणतात. हजार वर्षांपूर्वीची ही नोंद. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात बळीप्रतिपदेचे विधी एकत्र केले आहेत. त्यात गाई-बैलांना सजवणं आहे, गोक्रीडा आहे, म्हणजे गाईंना खेळवणं-पळवणं; आणि मार्गपाली नावाचा विधी आहे. गवताचा दोर उंच बांधायचा आणि त्याच्याखालून माणसं, हत्ती, जनावरं सगळी न्यायची, म्हणजे वर्षभर रोगराई होत नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त याच बळीला शेतकऱ्यांचा राजा म्हणून उभं केलं आणि बायका दिवाळी-दसऱ्याला ओवाळताना बळीचं राज्य परत येवो असं का म्हणतात, याकडं आपलं लक्ष वेधलं. मला फुल्यांचं हे वाचन मनापासून पटतं. गोठ्यात दिवा नेणाऱ्या बाईला ठाऊक असतं की तिचं राज्य कुठं आहे.

पण शास्त्रात आणि आपल्या गाण्यात एक मोठा फरक आहे, आणि कोल्हापुरात उभं राहून तो सांगितलाच पाहिजे. शास्त्र गाईबद्दल बोलतं. वसुबारस म्हणजे गोवत्स द्वादशी. सवत्स धेनूची पूजा. गोवर्धन, गोक्रीडा, गोपूजन, सगळीकडं गाय. म्हशीला पोथीत मान नाही. उलट रेडा हे यमाचं वाहन आणि महिषासुराचं रूप. गाणं मात्र पहिल्याच दमात गाईशेजारी म्हशीला उभी करतं आणि दोघींना एकच दिवा ओवाळतं. हे पोथी वाचणाऱ्याला सुचलं नसतं. ज्याच्या पुढ्यात दोन्ही जनावरं रोज चरतात, ज्याला म्हशीचं पाण्यातलं डुंबणं आणि तिचा लळा माहीत आहे, त्याला ते सुचलं. गाण्याचा जन्म गोठ्यात झाला, याचा याहून चांगला पुरावा मला नको.

आणि म्हशीची बाजू घ्यायला कोल्हापूरसारखी जागा नाही. आपल्याकडं बैलांचा सण वेगळा आहे. जेठात कर्नाटकी बेंदूर, आषाढात महाराष्ट्राचा बेंदूर. तेव्हा बैलांची शिंगं रंगतात, बैलांना पुरणपोळी मिळते. दिवाळी ही दुभत्या जनावरांची. बैल तेव्हा मागं राहतो. बेंदराला पेरणीच्या बैलाचं देणं फेडायचं आणि दिवाळीला दुधाचं, अशी आपल्या बापजाद्यांनी वर्षाची वाटणी केलेली आहे. गाण्यात बैल का नाही, याचं उत्तर या वाटणीत आहे.

पाडव्याला आणि भाऊबीजेला कोल्हापुरातल्या गवळी मंडळींच्या म्हशी रस्त्यावर उतरतात. पंचगंगा घाट, सागरमाळ, शनिवार पेठ, कसबा बावडा. आठवडा आधीपासून अंगावरचे केस कातरून नक्षी काढलेली असते, शिंगांना रंग, मोरपिसं, गळ्यात कवड्यांच्या माळा, पायात चाळ. पंढरपुरी म्हशीची ती मागं खांद्यापलीकडं गेलेली लांब शिंगं रंगवल्यावर काय दिसतात, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. मालक मोटारसायकलवर पुढं आणि म्हैस त्याच्या हाकेला ओ देत मागं पळते. एवढ्या गर्दीत, एवढ्या आवाजात ती आपल्या माणसाचा आवाज ओळखते. काण्यांनी ग्रंथांतून गोळा केलेली गोक्रीडा ती हीच, असं माझ्या मनानं घेतलं आहे. सायलेन्सर काढलेल्या गाड्यांच्या आवाजाचा जनावराला त्रास होतो, तेवढं मात्र गवळी बांधवांनी आवरावं, असं मी दरवर्षी म्हणतो आणि इथंही म्हणतो.

गावाकडं पाडव्याला दारात शेणाचे पांडव आणि गवळणी घालतात. पाच पांडव, डोक्यावर घागरी घेतलेल्या गवळणी, त्यांना झेंडूची आणि कुर्डूची फुलं खोचलेली. लहानपणी शेणाचा तो दरबार आम्ही डोळे भरून बघायचो. आजही या गावातल्या जुन्या घरांपुढं तो मांडला जातो, ही आनंदाची गोष्ट आहे.

आता वाघाकडं वळू. गडमुडशिंगीच्या माळावर वाघ कुठून येणार? हा उघडा मुलूख. इथं गुराख्याचा वैरी लांडगा. कोल्हापूर दरबारच्या शिकारखान्यातले चित्ते हरणांमागं सोडले जायचे ते अशाच माळांवर. म्हणजे गाण्यातला वाघ आपल्या शिवारातला नव्हे. तो राधानगरी, दाजीपूर, चांदोलीच्या बाजूचा, घाटमाथ्यावरचा. लांडगा शेरडं-मेंढरं नेतो. गाय आणि म्हैस ही वाघाची शिकार. ज्यानं गाणं बांधलं तो रानाच्या कडेला गुरं चारत होता, हे या एका जनावरावरून कळतं. मग ते गाणं घाट उतरून, नद्यांच्या काठानं, वाघ कधी न पाहिलेल्या गावांत पोचलं आणि त्या गावांनी वाघ तसाच ठेवला. लांडगा घालून ते आपलंसं करून घ्यावं असं कुणाला वाटलं नाही. जुन्या गाण्यात माणसं सहसा हात घालत नाहीत, आणि त्यामुळंच आपल्याला आज असा माग काढता येतो.

वाघाचं दुसरं रूपही याच सणात भेटतं. अकोले तालुक्यात, नाशिक-पालघरच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी, ठाकर, वारली समाजांत वसुबारसेला वाघबारस म्हणतात. त्या दिवशी गुराखी गावाच्या वेशीवर वाघदेवापाशी जमतात, गावातून शिधा गोळा करतात, गोडधोड रांधतात, वाघाला नैवेद्य दाखवतात आणि आमच्या जनावरांना सांभाळ, अशी विनवणी करतात. एकाच तिथीला, त्याच वयाची पोरं, एकीकडं वाघाला हात जोडतात आणि दुसरीकडं त्याच्या पाठीत काठी घालायची भाषा करतात. यात विसंगती नाही. रानाच्या कडेला राहणाऱ्याला दोन्ही करावं लागतं. आणि काठीनं वाघ मरत नाही, हे गुराख्याइतकं कुणाला ठाऊक? पण म्हशींचा कळप वाघाची चाहूल लागली की पारड्यांना आत घेतो आणि शिंगं बाहेर करून उभा राहतो. त्या कळपाच्या आधारानं, आरडाओरडा करत, काठी आपटत पोरगा उभा राहिला तर वाघ परतल्याचे प्रसंग घडत आले आहेत. गाण्यातली शेवटची ओळ बढाई म्हणून ऐकू नका. दहा-बारा वर्षांच्या पोरानं रोज रानात जाताना मनाशी बांधलेली ती हिंमत आहे.

लक्ष्मणाबद्दल लोक मला नेहमी विचारतात. रामाचा भाऊ लक्ष्मण आणि गाई-म्हशी यांचा काय संबंध? रामायणात लक्ष्मण गुरं राखत नाही. पण लोकांच्या मनातला लक्ष्मण म्हणजे धाकटा भाऊ, जो राखण करतो, झोपत नाही, पर्णकुटीबाहेर धनुष्य घेऊन बसतो. राखणदाराला राखणदाराचं नाव सुचावं यात मला नवल वाटत नाही. शिवाय लक्ष्मण हे गावात घरटी आढळणारं नाव. दारात उभं राहून मालकाला खूश करायचं तर त्याला देवादिकांचं नाव द्यावं, ही मागणाऱ्याची जुनी चतुराई आहे. वासुदेव तेच करतो, गोंधळी तेच करतो. मला या दोन्ही वाटा खऱ्या वाटतात. मात्र लक्ष्मण आईबापाचा आहे, हे सांगण्यात जी माया आहे ती चतुराईच्या पलीकडची आहे. आपल्या आईबापापासून दूर, दुसऱ्याच्या गोठ्याशेजारी निजणाऱ्या पोरानं ते म्हटलं आहे.

आणि खोबऱ्याची वाटी. देशावर नारळ पिकत नाही. खोबरं कोकणातून घाट चढून यायचं. बैलांच्या तांड्यांवर, मिठाबरोबर. ज्वारीची भाकरी, कांदा आणि चटणी यांवर वर्ष काढणाऱ्या पोराला सुक्या खोबऱ्याची अख्खी वाटी म्हणजे थंडीत अंगाला लागणारं तूप. त्यानं पैसा मागितला नाही, लुगडं-धोतर मागितलं नाही. दिवस आखडले, रात्री गार झाल्या, आता पहाटे रानात जायचं तर अंगात ऊब पाहिजे. म्हणून त्यानं खोबरं मागितलं. मागणं किती लहान आहे आणि किती नेमकं आहे, हे कळायला त्या पोराच्या जागी उभं राहावं लागतं.

जगात सर्वांत गाजलेल्या नाताळगीतांपैकी एकाची गोष्ट इथं सांगतो, कारण ती आपल्या गाण्याची सख्खी बहीण शोभावी अशी आहे. इंग्रजी शाळांत डिसेंबरात ‘कॅरल ऑफ द बेल्स’ म्हणतात. चित्रपटांत, जाहिरातींत ती धून सगळ्यांनी ऐकलेली असते. टुणटुण वाजणाऱ्या चार सुरांचं ते गाणं. त्याचं मूळ युक्रेनात. तिथल्या मिकोला लिओन्तोविच नावाच्या संगीतकार-शिक्षकानं एका लोकगीतावर समूहगान बांधलं, ‘श्चेद्रिक’ नावानं. कीव्हमध्ये १९१६ च्या डिसेंबरात ते पहिल्यांदा गायलं गेलं. त्या मूळ गाण्यात नाताळ नाही, घंटा नाहीत, येशूचा जन्म नाही. एक पाकोळी उडत घरात येते आणि मालकाला बाहेर बोलावते: तुझ्या मेंढ्यांनी कोकरं दिली आहेत, बघायला चल, यंदा तुला पैका मिळेल. जुन्या पद्धतीच्या नववर्षाच्या संध्याकाळी, १३ जानेवारीला, पोरं-पोरी घरोघर जाऊन अशी गाणी म्हणायची आणि खाऊ मिळवायची. ऐन बर्फात पाकोळी कुठून, तर फार पूर्वी तिथं नवं वर्ष वसंतात सुरू व्हायचं, तेव्हाचं ते गाणं. म्हणजे आपल्या गाण्यातला वाघ आणि त्यांच्या गाण्यातली पाकोळी यांचं काम एकच. दोघंही गाण्याचा मूळ मुलूख आणि मूळ काळ सांगतात.

पुढं अलेक्झांडर कोशेत्स यांनी नेलेलं युक्रेनी गायकांचं पथक देशोदेशी हिंडलं आणि ५ ऑक्टोबर १९२२ ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्यांनी ‘श्चेद्रिक’ म्हटलं. लिओन्तोविच ते पाहायला नव्हता. १९२१ च्या जानेवारीत, बापाच्या घरी असताना, सोव्हिएत सरकारच्या हस्तकानं त्याला गोळी घातली होती. १९३६ मध्ये पीटर विल्हौस्की या युक्रेनी वंशाच्या अमेरिकन संगीतकारानं त्या चालीवर घंटांचे इंग्रजी शब्द बसवले. मेंढ्या गेल्या, कोकरं गेली, मालक गेला. सूर तेवढे राहिले आणि ते नाताळचे झाले. आज कोट्यवधी माणसं ते म्हणतात आणि त्यात कधीकाळी कुणाच्या तरी गोठ्यातली बातमी होती हे त्यांना सांगावं लागतं.

आपल्या गाण्याचं तसं झालेलं नाही. शब्द शाबूत आहेत, जनावरं शाबूत आहेत. आपण गमावला तो म्हणणारा. कोवळ्या वयात काठी घेऊन उभा असलेला पोरगा आपण पुस्तकातून काढून टाकला आणि त्याच्या जागी गणवेशातलं मूल बसवलं. लोकगीतं गोळा करणाऱ्यांनी आपल्याकडं डोंगराएवढं काम केलं. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या साठवल्या, आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या बागणीच्या सरोजिनी बाबर यांनी उभं आयुष्य त्यात घातलं, दुर्गाबाई भागवतांनी लोकसाहित्याच्या अभ्यासाला शिस्त लावली. त्यांच्यामुळं जात्यावरची बाई आपल्याला नीट ऐकू येते. रानातला पोरगा तितका ऐकू येत नाही. तो दिवसभर गावाबाहेर असायचा, आणि गाणी लिहून घेणारा गावात यायचा.

गुराख्यांच्या मागणीचा विषय निघाला की मला नागपूर आठवतं. २३ नोव्हेंबर १९९४ ला, विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनावर गोवारी समाजाचा मोर्चा आला होता. पाडव्याला गायगोधन नाचवणारा तोच समाज. अनुसूचित जमातीच्या सवलती मागायला आला होता. चेंगराचेंगरीत ११४ माणसं गेली, बाया आणि लेकरं त्यात पुष्कळ. शतकानुशतकं ज्यांनी दारात गाऊन मागितलं त्यांनी रस्त्यावर येऊन मागितलं, आणि हे झालं. ‘दिन दिन दिवाळी’ हे गोड गाणं आहे असं कुणी म्हणालं की मी गप्प राहतो, कारण मला त्या दिवसाची आठवण टाळता येत नाही.

या गावात हे बोलायला मला विशेष कारण आहे. ‘गोकुळ’, म्हणजे आपला जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, १९६३ मध्ये स्थापन झाला आणि त्याचा महालक्ष्मी पशुखाद्याचा कारखाना याच गडमुडशिंगीत आहे. जिल्ह्यातल्या गोठ्यांत जाणारी पोती इथून भरून निघतात. म्हशी आता रानात क्वचितच जातात. गायरानं आक्रसली, विमानतळ वाढला, गांधीनगरची बाजारपेठ पसरली, प्लॉट पडले. म्हैस दावणीला असते. उसाचं वाडं, कडबा, हत्तीगवत आणि पशुखाद्य तिच्यापुढं येतं. पावसाळा सरताना म्हशी व्यायला लागतात आणि दिवाळीच्या सुमारास दूध चढतं; संघाच्या भाषेत पुष्टकाळ सुरू होतो. ६ फॅट आणि ९ एसएनएफच्या म्हशीच्या दुधाचा दर गाईच्या दुधाहून वरचा, म्हणून कोल्हापुरात म्हैस अजून टिकून आहे. आणि दिवाळीच्या तोंडावर दूध संघ उत्पादकांच्या खात्यावर दूध दर फरक जमा करतो. वर्षभर घातलेल्या दुधाचा शेवटचा हिशेब, सणाच्या आधी. खोबऱ्याच्या वाटीचं आजचं रूप कोणतं असं मला विचाराल तर मी या फरकबिलाकडं बोट दाखवीन.

फक्त ते कुणाच्या हाती पडतं, हे विचारलं पाहिजे. गुराखी पोरं आता शाळेत असतात, आणि ते फार चांगलं झालं. मग शेण-घाण कोण काढतं? वैरणीचा भारा डोक्यावरून कोण आणतं? पहाटे चारला धार कोण काढतं, आंबोण कोण कालवतं, व्यायला झालेल्या म्हशीजवळ रात्र कोण जागवतं? बहुतेक घरांत बाई. संस्थेच्या पासबुकावर मात्र बहुतेक घरांत बाप्याचं नाव. गाण्यातला तो जुना प्रश्न, की ही जनावरं कुणाची, आज त्या बाईनं विचारावा अशी स्थिती आहे. काही घरांनी सभासदत्व बायकांच्या नावावर केलं आहे, महिलांच्या दूध संस्थाही जिल्ह्यात उभ्या राहिल्या आहेत. ज्या घरांत हे झालेलं नाही त्यांनी येत्या दिवाळीच्या आत करावं, असं मी या व्यासपीठावरून हात जोडून सांगतो. त्याला सरकारची वाट पाहावी लागत नाही. संस्थेत एक अर्ज द्यावा लागतो.

दुसरी विनंती शाळेतल्या गुरुजी-बाईंना. या गावात आणि शेजारच्या वसगडे, सांगवडे, चिंचवाड, वळिवडे या गावांत सत्तरी ओलांडलेली अशी माणसं आहेत ज्यांनी लहानपणी खरोखर गुरं राखली. त्यांच्याकडं मुलांना पाठवा. गाणं म्हणून घ्या, पण तिथंच थांबू नका. विचारा की फेरीला किती पोरं असायची, पुढं कोण, दिवटी कशाची, तेल कोण घालायचं. वाटी अख्खी मिळायची की तुकडा. कुठल्या दारातून हाकलून लावायचे. मिळालेलं खोबरं तिथंच खायचे की घरी आईसाठी न्यायचे. मोबाइलवर आवाज टिपून ठेवा, खाली नाव, गाव आणि साल घाला. गाण्याच्या ओळी कुठं कमी-जास्त होतात, वाघाच्या जागी दुसरं जनावर येतं का, लक्ष्मण सगळीकडं लक्ष्मणच राहतो का, हे त्यातून दिसेल. सभा संपल्यावर मी इथं पाठीमागच्या खोलीत बसणार आहे. ज्या आजोबांनी किंवा आजींनी गुरं राखली असतील त्यांनी घरी जाण्याआधी माझ्याकडं यावं. वही आणलेली आहे.